रुग्णालयात भेटीला येणारी भावकी आणि तिथले नियम : मेळ कसा घालावा?

नीराकाठ :

नमस्कार. माझ्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया पुढील आठवड्यात पुण्यातील एका खासगी रुग्णालयात होणार आहे. वडील 68 वर्षांचे आहेत, त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, आणि सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात कोणाचेही लग्न असो वा मयत, सर्वांत आधी जाऊन उभे राहणारे असा त्यांचा लौकिक आहे. साहजिकच शस्त्रक्रियेची बातमी कळताच चुलते, चुलतभाऊ, आत्या, भजनी मंडळातील सोबती आणि विकास सोसायटीतील जुनी मंडळी अशा सर्वांनी पुण्याला येण्याचे ठरवले आहे. एका चुलत्यांनी तर त्यासाठी क्रूझर गाडीसुद्धा सांगून ठेवली आहे.

इकडे रुग्णालयाने आमच्या हाती जे पत्रक दिले आहे त्यात भेटीची वेळ सायंकाळी 4 ते 6, अतिदक्षता विभागात एका वेळी एकच व्यक्ती, रुग्णासोबत राहण्यासाठी एकच पास, 12 वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, बाहेरचे अन्न आणि फुले आणू नयेत, असे नियम एकाखाली एक छापलेले आहेत. त्यांमागची कारणे मात्र कोठेही दिलेली नाहीत. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना नुसते "नियम आहे" असे सांगून भागत नाही. थोरल्या काकांना मी फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अगं, आम्ही काय परके आहोत का? दारावरच्या माणसाचं मी बघतो." आत्यांनी तर ग्रामदैवताचा अंगारा आणि घरच्या झाडाची शहाळी आणण्याची तयारी केली आहे. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि म्हणूनच त्यांना दुखावणे जिवावर येते.

यातील कोणते नियम वैद्यकीयदृष्ट्या खरोखर अटळ आहेत आणि कोणते केवळ व्यवस्थेच्या सोयीचे आहेत, हे जाणकारांनी सांगावे. रुग्णाने स्वतः आणि सोबत राहणाऱ्या आम्ही घरच्यांनी कसे वागावे, आणि मोठ्या माणसांना हे कोणत्या शब्दांत सांगावे, याबद्दलही मार्गदर्शन मिळाल्यास फार मदत होईल.

---

सिस्टर_सोलापूर :

ताई, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यामुळे आपण वर्णन केलेली क्रूझर माझ्या चांगल्या परिचयाची आहे. कारणे न देता नुसते नियम छापण्याची आपल्या रुग्णालयांची रीत मलाही पटत नाही. कारण समजले की दहांतील आठ-नऊ नातेवाईक विनातक्रार ऐकतात, असाच माझा अनुभव आहे. म्हणून येथे कारणांसह लिहिते.

बायपासमध्ये छातीच्या मधोमध असलेले हाड उभे कापावे लागते आणि शेवटी ते पोलादी तारांनी बांधून वरची त्वचा शिवतात. हृदयाला जोडण्यासाठी पायातील शीर काढलेली असेल, तर पायाच्या आतील बाजूसही लांब जखम असते आणि ती बहुधा घोट्याजवळून वर गेलेली असते. मधुमेही रुग्णाच्या छातीच्या जखमेत जंतूंचा शिरकाव होऊन तो हाडापर्यंत पोहोचला, तर जखम पुन्हा उघडून साफ करण्याची आणि कित्येक आठवडे शिरेतून प्रतिजैविके देण्याची वेळ येऊ शकते. भेटायला येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचे पहिले कारण हे आहे. येणारा माणूस अस्वच्छ असतो असे कोणी म्हणत नाही. परंतु तो लिफ्टचे बटण, जिन्याचा कठडा, शेजारच्या कॉटची दांडी आणि स्वतःचा मोबाइल यांना हात लावत येतो आणि मग तोच हात मायेने रुग्णाच्या छातीवरून फिरवतो. दाराशी टांगलेल्या बाटलीतील द्रव तळहातांवर घेऊन, बोटांच्या बेचक्यांसह 20 ते 30 सेकंद चोळायचा असतो आणि साबणपाण्याने हात धुण्यासाठी 40 ते 60 सेकंद द्यावे लागतात. हे आत जाताना करायचे असते, तसेच बाहेर येतानाही करायचे असते, आणि ही दुसरी वेळ जवळजवळ सर्वजण विसरतात. ज्याला सर्दी, खोकला, ताप किंवा जुलाब आहेत त्याने येऊच नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

आता एक अशी गोष्ट सांगते जी कोणत्याही पत्रकात छापलेली नसते. वडीलधारा माणूस कॉटवर असला की आपल्याकडे येणारा प्रत्येकजण त्याच्या पाया पडतो, आणि तरुण मंडळी तर वाकून पावलांवर डोके टेकवतात. शीर काढल्याची जखम नेमकी तेथेच, चादरीखाली असते. घोट्याजवळच्या टाक्यांवर कोणाचा तरी अंगठा दाबला गेल्याने रुग्ण कळवळल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि तरीही तो बिचारा आशीर्वाद देऊन मोकळा होतो. भेटीच्या वेळी आपण स्वतः कॉटच्या पायथ्याशी उभे राहावे आणि "दादांच्या पायाला टाके आहेत, लांबूनच नमस्कार करा" असे येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगावे. तीच गोष्ट उठवून बसवण्याची. रुग्णाला दंडाला धरून किंवा काखेत हात घालून वर ओढले की तारांनी बांधलेल्या हाडावर ताण येतो. त्यांना कसे उठवायचे हे फिजिओथेरपिस्ट दाखवतील, आणि ज्यांनी ते पाहिलेले नाही अशा कोणीही त्यांना उठवू नये.

शहाळ्याबद्दल आपण विचारले ते फार बरे केले. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस रुग्णाच्या पोटात किती पातळ पदार्थ गेले आणि लघवी किती झाली याची मिलिलिटरमध्ये नोंद ठेवली जाते, आणि त्या ताळेबंदावरून सलाइन व औषधे ठरतात. कोणी आमच्या नकळत शहाळे पाजले, तर ती नोंद खोटी ठरते. शिवाय शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे मंदावलेल्या रुग्णाच्या रक्तात ते साठून राहते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. मधुमेहात मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असण्याची शक्यता असते, म्हणून येथे अधिकच काळजी घ्यावी लागते. पेढे, केळी, मोसंबीचा रस हे सर्व याच यादीत येते. "एका घोटाने काय होतंय" असे म्हणणारे भेटीच्या दोन तासांत अनेकजण येतात आणि प्रत्येकाचा घोट वेगळा असतो, एवढेच मी सांगेन.

सलाइनच्या नळीवरची चाकी फिरवून वेग वाढवणे, ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणे, आवाज करणाऱ्या यंत्राचे बटण दाबून ते गप्प करणे, लघवीची पिशवी "खाली लोंबकळते" म्हणून उचलून कॉटवर ठेवणे, या चारही गोष्टी नातेवाईक चांगल्या हेतूने करतात आणि चारही धोकादायक असतात. पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा वर गेली, तर साठलेली लघवी उलट दिशेने परत जाऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. काहीही वावगे दिसले तर हात न लावता हाक मारावी. आम्ही त्यासाठीच आहोत आणि विनाकारण मारलेल्या हाकेनेही आमचे काही बिघडत नाही.

अंगाऱ्याला माझा विरोध नाही. तो कागदाच्या पुडीत उशीखाली राहू शकतो. कपाळाला चिमूटभर लावायला सहसा कोणी हरकत घेत नाही. मात्र तोंडात घालू नये, तीर्थ पाजू नये, आणि ऑक्सिजन सुरू असलेल्या ठिकाणी उदबत्ती किंवा निरांजन तर अजिबात लावू नये. आजाऱ्याच्या हातावर नोट ठेवण्याची आपली जी पद्धत आहे, ती घरच्या माणसाच्या हाती पैसे देऊन पाळावी. उशीखालची नोट चादर बदलताना हरवते आणि मग संशय वॉर्डातील मावशींवर येतो.

एक विनंती आमच्या बाजूची. बहुतेक ठिकाणी सकाळी 8, दुपारी 2 आणि रात्री 8 च्या सुमारास आमची पाळी बदलते आणि त्या वेळी जाणारी परिचारिका येणारीला प्रत्येक रुग्णाची माहिती सांगत असते. तेवढा अर्धा तास तातडीचे कारण नसेल तर प्रश्न विचारू नयेत, कारण त्या देवाणघेवाणीत एखादी गोष्ट राहून गेली तर तिचा फटका रुग्णालाच बसतो.

---

माणदेशी :

सिस्टरांनी लिहिलेले सर्व मान्य आहे आणि पायाच्या टाक्यांची गोष्ट तर मला आजच समजली. तरीही दुसरी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो.

गावाकडे आजाऱ्याला भेटायला जाणे ही हौस नसते. कोण आले आणि कोण आले नाही हे दोन्ही घरे पुढे वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. न आलेल्या माणसाच्या घरी पुढे कार्य निघाले की तोच हिशोब निघतो. भेटायला येणारा माणूस अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडवून आणि गाडीभाडे भरून आलेला असतो. त्याला दारावर अडवताना सुरक्षारक्षक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजाने निम्मी भांडणे सुरू होतात. नियम पाळायला लावणाऱ्याने आधी अहो-जाहो करायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ताईंच्या अडचणीबद्दल. आमच्याकडे एका आजारपणात आम्ही असे ठरवले होते की भेट रुग्णाची घ्यायची नाही, घरच्यांची घ्यायची. रुग्णालयाच्या तळमजल्यावरील प्रतीक्षालयात किंवा पुण्यातील आपल्या घरी घरचे एक माणूस ठरावीक वेळी बसलेले असेल, तेथे येऊन चहा घ्यावा, विचारपूस करावी आणि परतावे, असा निरोप गावात दिला. वर जाऊन प्रत्यक्ष भेटण्यासाठी भावकीतून एक आणि मित्रमंडळींतून एक अशी दोनच माणसे सर्वांच्या वतीने निवडली. कोणाचाही मान दुखावला नाही, कारण निवड गावानेच केली होती. काकांना आपण "येऊ नका" म्हणू नका. "काका, भावकीतर्फे तुम्हीच या आणि बाकीच्यांना तुम्हीच समजावून सांगा" असे म्हणा. ज्या माणसाकडून नियम मोडला जाण्याची भीती आहे, त्याच्याच हाती तो सांभाळण्याचे काम द्यावे.

शिवाय येणाऱ्या तरुणांना काम द्या. अशा शस्त्रक्रियेसाठी रक्ताची तयारी ठेवावी लागते आणि रक्तपेढीतील साठा कोणीतरी रक्तदान केल्यानेच टिकून राहतो. 18 वर्षे पूर्ण झालेला, वजन किमान 45 किलो असलेला, हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली नसलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. आधी दिले असेल तर पुरुषाला 90 दिवस आणि स्त्रीला 120 दिवस झालेले असावेत. कॉटभोवती उभे राहण्यापेक्षा ही भेट किती तरी मोलाची आहे. ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी गावाकडे दादांच्या गोठ्याकडे आणि रानातील पाण्याच्या पाळीकडे पाहावे. रुग्णाचा जीव निम्मा तेथेच अडकलेला असतो.

---

भूल_आणि_जाग :

मी भूलतज्ज्ञ आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत भेटायला येणाऱ्यांविषयी उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी केवळ रुग्णाच्या वागण्यापुरते लिहितो, कारण त्याबाबत फारसे कोणी बोलत नाही.

रुग्णाचे पहिले कर्तव्य खरे सांगणे हे आहे. भूलपूर्व तपासणीत आम्ही तंबाखू, विडी, दारू, आधीची आजारपणे, कशाची ॲलर्जी आहे का, आणि घरात कोणाला भूल देताना त्रास झाला होता का, हे विचारतो. त्या वेळी खोलीत सून किंवा मुलगी उभी असेल तर साठीपुढील पुरुष हमखास "काही नाही" असे उत्तर देतात. रोज दारू पिणाऱ्या माणसाने ती लपवली, तर शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला कंप सुटतो, तो भ्रमिष्टासारखा बोलू लागतो आणि अंगाला जोडलेल्या नळ्या ओढू लागतो. आम्हाला आधी माहीत असेल तर ते औषधांनी टाळता येते किंवा सौम्य करता येते. म्हणून घरच्यांनी त्या दहा मिनिटांसाठी आपण होऊन बाहेर जावे, आणि "डॉक्टरांना सर्व सांगा, आम्ही विचारणार नाही" असे वडिलांना आधीच सांगून ठेवावे. गावठी औषध, वैद्यांचे काढे, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, हे सर्व एका पिशवीत घालून आणावे. नावे आठवत बसण्यापेक्षा पाकिटे दाखवणे सोपे आणि खात्रीचे असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू ठेवायच्या आणि कोणत्या किती दिवस आधी थांबवायच्या हे शल्यचिकित्सक ठरवतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यासुद्धा शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, त्यामुळे शेजारच्याच्या अनुभवावरून यातील एकही गोळी बंद करू नये किंवा सुरू ठेवू नये.

दुसरी गोष्ट उपाशी राहण्याची. सर्वसाधारणपणे शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास घन अन्न आणि दोन तास स्वच्छ पाणीसुद्धा बंद असते. नेमकी वेळ आपले भूलतज्ज्ञ सांगतील आणि तीच पाळावी. येथे दुधाचा चहा हा पाण्यात धरला जात नाही, तो अन्नात धरला जातो. पहाटे "रिकाम्या पोटी गोळी कशी घ्यायची" म्हणून चहासोबत दोन बिस्किटे देणारे प्रेमळ नातेवाईक प्रत्येक रुग्णालयात असतात. भूल दिल्यावर शरीराची गिळण्या-खोकण्याची संरक्षक प्रतिक्रिया नाहीशी होते आणि पोटातील पदार्थ वर येऊन फुप्फुसांत उतरू शकतो. यातून जीवघेणा न्यूमोनिया होतो. असा चहा प्यायला गेला असेल तर तो न लपवता सांगावा. शस्त्रक्रिया काही तास पुढे ढकलली जाईल, त्यापेक्षा वाईट काही होणार नाही. आम्ही रागावतो हे खरे आहे, पण तो राग अर्ध्या तासात जातो.

तिसरे म्हणजे अंगावरच्या वस्तू. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेला करदोटा असतो, दंडात किंवा मनगटावर गंडा असतो, गळ्यात माळ असते. रक्तस्राव थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेत विजेवर चालणारे उपकरण वापरतात. त्या वेळी अंगावर धातू असेल तर तेथे भाजण्याचा धोका असतो, आणि निर्जंतुक केलेल्या त्वचेवर जुना दोराही चालत नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दारात परिचारिकेने कात्रीने करदोटा कापला की रुग्णाला ते अशुभ वाटते आणि त्याच मनःस्थितीत तो आत येतो. वारकरी माणसाच्या गळ्यातील तुळशीची माळ हा तर फार नाजूक विषय आहे. त्यामुळे हे सर्व आदल्या दिवशी, घरच्या माणसाने, त्यांच्या संमतीने, देवाला नमस्कार करून काढून ठेवावे. कवळी काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवावी, आणि एखादा दात हलत असेल तर तो मला किंवा माझ्या सहकाऱ्याला अवश्य दाखवावा.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला काही कामे दिली जातात. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलण्याचे छोटे यंत्र, उशी छातीशी घट्ट धरून खोकणे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आधाराने चालणे, ही ती कामे. दुखते म्हणून खोकायचे टाळले तर कफ साठतो. अशा वेळी "झोपू द्या हो त्यांना, दमलेत" असे म्हणणारा नातेवाईक रुग्णाचे नुकसान करतो आणि तासभर गप्पा मारून खरोखर दमवणारा तर त्याहून अधिक करतो.

---

नीराकाठ :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. माणदेशींनी सुचवल्याप्रमाणे मी थोरल्या काकांना भावकीतर्फे येण्याची विनंती केली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली. क्रूझर रद्द झाली आहे. तंबाखूचा विषय बाबांशी एकांतात बोलायला मी भावाला सांगितले आहे, कारण माझ्यासमोर ते कबूल करणार नाहीत.

दोन प्रश्न उरले आहेत. रुग्णालयाकडूनच काही चुकत आहे असे वाटले तर तक्रार कशी करावी? आपण तक्रार केली तर आपल्या माणसाची हेळसांड होईल, अशी भीती आईच्या मनात आहे. आणि माझा सात वर्षांचा मुलगा आजोबांना भेटण्यासाठी हट्ट धरून बसला आहे, त्याचे काय करावे?

---

रुग्णसेवक :

मी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करतो, त्यामुळे भांडण पेटल्यावर ज्यांना बोलावतात त्यांपैकी मी एक आहे. तक्रारीच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

माझ्या पाहण्यातील बहुतेक तंट्यांचे मूळ उपचारांत नसते, ते माहितीत असते. सकाळी मोठ्या मुलाला एक डॉक्टर काही सांगतात, दुपारी जावयाला दुसरे डॉक्टर त्याच गोष्टीचा वेगळा भाग सांगतात, आणि संध्याकाळी सगळे एकत्र बसतात तेव्हा "हे लोक काहीतरी लपवत आहेत" असा निष्कर्ष निघतो. यावर एकच उपाय मी सर्वांना सुचवतो. घरातील एका व्यक्तीचे नाव आणि फोन क्रमांक केस पेपरवर लिहून द्यावा आणि डॉक्टरांशी त्याच व्यक्तीने बोलावे. तिने वहीत तारीख घालून लिहून घ्यावे आणि रोज संध्याकाळी घरच्या गटावर एक ध्वनिसंदेश टाकावा. अतिदक्षता विभागातील छायाचित्रे आणि चित्रफिती मात्र कोठेही पाठवू नयेत. त्यात शेजारच्या कॉटवरील अनोळखी रुग्ण उघड्या अंगाने दिसत असतो आणि त्याची संमती कोणीही घेतलेली नसते.

दुसऱ्या बाजूने, रुग्णाच्या प्रकृतीची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा आपला हक्क आहे, आणि "डॉक्टर राउंडला येतील तेव्हा विचारा" हे उत्तर दिवसभर ऐकून घेण्याचे कारण नाही. येथे मी सिस्टरांच्या पाळीबदलाच्या विनंतीशी सहमत आहे, पण रुग्णालयानेही नातेवाइकांशी बोलण्याची रोजची वेळ ठरवून ती फलकावर लिहिली पाहिजे, अशी पुस्ती जोडतो. महाराष्ट्रात 2021 साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा होऊन खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवण्यास त्यात मनाई आहे. स्थानिक पातळीवर तक्रार निवारणाची तरतूदही त्यातच आहे. उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि हा नियम तर 2002 पासूनचा आहे.

तक्रारीचा क्रम असा ठेवावा. प्रथम वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांशी बोलावे, मग कर्तव्यावरील डॉक्टरांशी आणि मग वैद्यकीय अधीक्षकांशी. तोंडी ऐकले गेले नाही तर तारीख-वेळ घालून चार ओळींचा अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तेथेही काही झाले नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जावे. शांतपणे लेखी विचारणाऱ्या नातेवाइकाच्या रुग्णाकडे दुर्लक्ष होत नाही. उलट त्याच्या फाइलमध्ये नोंदी अधिक काटेकोर होतात, हे आपल्या आईंना जरूर सांगा.

आवाज चढवणे आणि अंगावर धावून जाणे यांविषयी मात्र कोणतीही सूट नाही. 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार वैद्यकीय सेवेतील व्यक्तीवरील हिंसा आणि रुग्णालयाच्या मालमत्तेची नासधूस हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. या संरक्षणात केवळ डॉक्टर येत नाहीत, तर परिचारिका, वॉर्डबॉय आणि इतर सहायक कर्मचारीही येतात. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर गंभीर हल्ला झाला आणि त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, हे अनेकांना आठवत असेल. आमच्याकडे एका रुग्णामागे दोनच पास देण्याचा आग्रह त्यानंतर वाढला. ज्या नातेवाइकांना ही सक्ती जाचक वाटते, त्यांनी तिच्यामागील हा इतिहासही ध्यानात घ्यावा.

जाता जाता एक. रुग्णालयाभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र असतो, तेथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. हा नियम गाड्यांच्या भोंग्यांपुरता असल्यासारखे आपण वागतो आणि व्हरांड्यात मोबाइल मोठ्या आवाजात लावून मालिका पाहतो. जिन्याच्या कोपऱ्यांतील तंबाखूच्या पिचकाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण ते लिहिण्याने आजवर एकही कोपरा स्वच्छ झालेला नाही.

---

सिस्टर_सोलापूर :

रुग्णसेवक, बोलण्याची वेळ फलकावर लिहावी ही आपली पुस्ती मला पूर्ण मान्य आहे. आमच्या विभागात ती लिहायला सुरुवात झाल्यापासून दारावरची गर्दी खरोखर कमी झाली.

ताई, आता नातवाचे. लहान मुलांना शाळेतून आणलेली सर्दी किंवा कांजिण्यांसारखा संसर्ग लक्षणे दिसण्याआधीच असू शकतो, आणि त्यांना स्वतःलाही रुग्णालयातील जंतूंचा धोका असतो, म्हणून हा नियम मोडण्याचा आग्रह धरू नये. नळ्या लावलेले आजोबा पाहून मूल घाबरते तेही वेगळेच. वडील अतिदक्षता विभागातून खोलीत आले आणि चालू लागले की सिस्टरांच्या परवानगीने दृक्-फोन करून द्या, आणि तो संध्याकाळी पाच मिनिटांपुरताच ठेवा. मुलाने काढलेले चित्र कॉटसमोर चिकटवायला मात्र कोणाचीही हरकत नसते.

घरी सोडल्यावर भेटायला येणाऱ्यांची दुसरी लाट येते आणि तिच्याबद्दल कोणतेच पत्रक मिळत नाही. छातीचे हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत भरलेली बादली उचलणे, जड दार ढकलणे, नातवाला कडेवर घेणे आणि दुचाकी चालवणे बंद ठेवावे लागते. गावी लगेच नेऊ नका. पहिली फेरतपासणी होईपर्यंत पुण्यातच ठेवा, कारण गावच्या ओसरीवर दोन तासांची मर्यादा चालणार नाही. नेताना गाडीत पुढे बसवू नका, मागे बसवा, आणि सीटबेल्ट व छाती यांच्यामध्ये छोटी उशी ठेवा. टाक्यांतून पाणी येऊ लागले, ताप आला, छातीचे हाड हलल्यासारखे किंवा कटकट वाजल्यासारखे वाटले, किंवा दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा. त्यासाठी घरी वजनकाटा आणून ठेवा आणि रोज सकाळी चहापूर्वी त्यांचे वजन वहीत लिहून ठेवा.